वॉर्ड एकचे सदस्य

६ जानेवारी १९६९, सोमवार. भोर

सकाळी विस्तार अधिकारी शिर्के घरी आले. माझ्या शाळेतल्या सुशीलेचा धाकटा भाऊ. नाक पुसायला विसरायचा तेव्हापासून ओळखते. चहा घेतला आणि कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली. म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

मागणं असं. ग्रामपंचायतींतल्या महिला सदस्यांसाठी भोरला प्रशिक्षण वर्ग भरतोय. पुरुषांचे चालूच आहेत, बायकांचा हा इथला पहिला. शेवटी तोंडी परीक्षा. पास होईल तिला सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. शिकवायला कोणी बाई मिळत नाही. "तुम्ही रिटायर झालात, मोकळ्याच आहात," म्हणाले. मोकळी नाही, म्हटलं. पण घेते.

विचारलं, या बायका आत्ता सभेत करतात काय? शि. हसले. सभेला येतच नाहीत. सभा झाली की पंचायतीचा शिपाई प्रोसिडिंगचं बुक काखेत मारून त्यांच्या घरी जातो. चुलीपुढे सही, नाहीतर अंगठा. राखीव जागा भरलेली, काम झालेलं.

अटी घातल्या. नवरे, दीर, सासरे वर्गाच्या बाहेर. जमिनीवर कोणी बसणार नाही, सगळ्या बाकांवर. पाण्याचा माठ एकच. शि. मुकाट लिहून घेत होते.

कपाटात खडूची जुनी पेटी सापडली. दमट झालेली. उन्हात ठेवली. दुपारभर दोनदा जाऊन पाहून आले. उगाच.

१३ जाने., सोम.

वर्ग सुरू. कन्याशाळेचा मधला वर्ग दिलाय. फळा माझाच, कोपऱ्यातली चीरसुद्धा तीच.

सकाळच्या एस.टी.ने बायका आल्या. काहींचे नवरे दारापर्यंत. एक जण खिडकीशी उभा राहिला. खिडकी लावून घेतली.

नाव-गाव विचारलं तर निम्म्या जणींनी मुलाचं नाव सांगून पुढे 'ची आई' जोडलं. म्हटलं, मतदारयादीत काय आहे ते सांगा. मग हळूहळू निघाली.

चंद्रभागा. राजगडाच्या पायथ्याची, पालीकडची. तिशीतली, चौथी शिकलेली. कमी बोलते, पण फळ्यावरचं सगळं उतरवून घेते.

हमीदाबी. कापूरहोळची. फाट्यावर नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. बोलणं थांबत नाही. थांबवलं तर हसणं थांबत नाही.

गयाबाई. भोरच्या जवळचीच, बौद्ध, घरची थोडी शेती. मागच्या बाकावर एकटी बसली होती. पहिल्या बाकावर बोलावली. माठाशी दोघी-तिघी घुटमळल्या. मी ग.च्या पाठोपाठ जाऊन त्याच पेल्याने पाणी प्यायले आणि शिकवायला लागले. कोणालाही बोलायला जागा ठेवली नव्हती.

आज फक्त सभा. सभेचं पहिलं काम कोणतं? मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं आणि बरोबर असेल तर कायम करायचं. ह. म्हणाली, "म्हंजी मागच्या बारीला कोण काय बोललं ते समद्यांम्होरं परत वाचायचं? आमच्या घरात हे सुरू केलं तर रोजच लढाई हुईल."

चुकीचं उदाहरण नाही. पण रागावले. मग घरी येऊन हसले.

१५ जाने., बुध.

काल वर्ग नव्हता. म्हणजे मी होते, बाक होते, शिर्के होते. बायका एकही नाही. संक्रांत. तारखा लावताना शि.नी पंचांग पाहिलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही. हे गेल्यापासून या घरात संक्रांत येते कधी आणि जाते कधी.

आज सगळ्या आल्या, डब्यांतून तिळगूळ. एकेक जण पुढे येऊन माझ्या हातावर ठेवत होती आणि गोड बोला म्हणत होती. ह.ची पाळी आली तेव्हा तिला हसण्यामुळे बोलता येईना. शेवटी म्हणाली, "बाई, तुमास्नी दोन द्याया पायजेत." दोन घेतले. दोन्ही तिथेच खाल्ले, मगच फळा पुसला.

किती वर्षांनी कुणी माझ्या हातावर…

असो. अंदाजपत्रक अर्धं शिकवून झालं.

१८ जाने., शनि.

आज खोटी सभा भरवली. चिठ्ठ्यांवर नावं लिहून वाटली: रामभाऊ, गणपतराव, शांताबाई. ग.ला सरपंच केलं. पाच मिनिटांत तिला ती खुर्ची अंगासरशी बसली. ह.ला विरोधक. तिला चिठ्ठीची गरज नव्हती.

चंद्रभागेने ठराव मांडला. मी दिलेला नाही, तिचा तिनेच आणलेला. तिची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. पावसाळ्यात ओढा दुथडी वाहतो, मग पोरं घरीच. दिवाळीपर्यंत पाढे विसरतात. तर ओढ्यावर साकव घालावा. मोठा पूल नको, माणूस चालेल एवढा. उभी राहून, एका दमात, कुठे न अडखळता. "सूचक मी, अनुमोदक गणपतराव," म्हणून बसली.

 मग ग. म्हणाली, "ठराव मंजूर. बाई, खराच करून टाका की."

सुटल्यावर चं.ला थांबवलं. हे तुझ्या पंचायतीत का मांडत नाहीस? म्हणाली, सभेत बायकांना खुर्ची नाही. सरपंच म्हणजे तिचे थोरले दीर. वर्गाला पाठवायला त्यांची ना नव्हती, पण पारावर चार लोकांत म्हणाले, पास झाल्याचा कागद आण, मग सभेत खुर्ची टाकतो.

"हसन्यावारी म्हनले. पर म्हनले चार लोकांत," चं. म्हणाली. "आता त्यांनाबी फिरता न्हाई यायचं."

हुशार आहे. चार लोकांतल्या बोलण्याची किंमत तिला माझ्याहून जास्त कळते. कागद हवाच.

२४ जाने., शुक्र.

परीक्षा. पुण्याहून परीक्षक आले. मफलर, पितळी डबा, आवाज मऊ. एकेकीला आत बोलवत होते. मला बाहेर बसायला सांगितलं. नियमच आहे तो. पण हेडबाई म्हणून इतकी वर्षं दाराच्या आतच बसलेली मी. व्हरांड्यात बसवेना.

ग. बाहेर आली ती हसतच. ह. आत असताना परीक्षकांचं हसणं बाहेर ऐकू आलं.

चं. गेली आणि फार लवकर बाहेर आली. काय झालं म्हटलं. "झालं," एवढंच. पदर नीट केला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. उत्तम झालं असणार. तिची मला काळजी नाही.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन. मग शाळेच्या पटांगणात प्रमाणपत्रं. निकाल सकाळीच फलकावर लावला होता.

चंद्रभागा नापास.

दोनदा वाचलं. ती माझ्या आधी वाचून गेली होती. नवं लुगडं नेसून आली होती म्हणे, नवऱ्यालाही आणलं होतं.

शि.ना गाठलं. त्यांनी गुणपत्रक काढलं. परीक्षकांचा शेरा: स्वतःच्या गावच्या सरपंचाचे नाव माहीत नाही, अनुमोदकाचे नाव सांगता आले नाही. मी म्हटलं, अशक्य. शि. म्हणाले, लिहिलंय तसं.

ह. मागे उभी होती. प्रमाणपत्र हातात, पण चेहरा पडलेला. म्हणाली, "बाई, सरपंच तिचा थोरला दीर. त्येचं नाव ती घेईल कशी?"

आणि मला कळलं. मी आठवडाभर रामभाऊ आणि गणपतराव शिकवत होते. खऱ्या पंचायतीत तिच्यापुढे रामभाऊ नसतोच. सरपंच थोरला दीर. उपसरपंच चुलत सासरा. तिसरा नवऱ्याचा मामा. सूचक ती, पण अनुमोदक म्हणून कुणाचंही नाव तिच्या तोंडून यायचं नाही. त्या पंचायतीत असा एक पुरुष नाही ज्याचं नाव तिला चालेल.

स्टँडवर गेले. गाडी लागलेली, चं. खिडकीत. नवरा पलीकडे, पायांत बघत. गरीब माणूस.

"साहेबांना सांगायचंस, दीर आहेत म्हणून."

"तेबी कसं सांगावं, बाई? बाप्या मानूस. तोंडाशी आलं हुतं नाव."

"मग?"

"तोंडातच ऱ्हायलं."

कंडक्टरने घंटी मारली. म्हटलं, मी काहीतरी बघते. तिने मान हलवली. मला बरं वाटावं म्हणून.

२७ जाने., सोम.

सकाळपासून रागात. पहिल्यांदा ठरवलं, तिला बोलावून घ्यायचं आणि नाव घ्यायला लावायचं. पंचवीस वेळा, पाढ्यासारखं. कायद्याने निवडून आलेली बाई दिराच्या नावाला भिते म्हणजे काय. ग. तर नवऱ्याचं नाव सरळ घेते. वर्गात कोणीतरी खुसखुसलं तेव्हा म्हणाली होती, "धम्म घेतला तवा पुष्कळ सोडलं. त्यात हेबी सोडलं." तिला जमतं तर…

मग सहज ही वही मागे चाळली. मागची वही काढली. त्याच्या मागची. हे, ह्यांनी, ह्यांचं. सगळीकडे हेच. मी बी.ए., आणि तेही कुणामुळे? लग्न झाल्यावर ह्यांनीच ट्रंक बांधून पुण्याला कॉलेजात पाठवलं. आळीत लोक हसायचे, बायको शिकते आणि नवरा भात शिजवतो. ह्यांनी हसू दिलं, आणि भात शिजवला. त्यांचं नाव रोज सही करताना अर्ध्या अक्षरात लिहिलं. तोंडाने कधी घेतलं नाही. त्यांनी घे म्हटलं होतं, एकदा. तरी नाही.

तर पंचवीस वेळा वगैरे रद्द.

संध्याकाळी ह. आली. भोरला सामान न्यायला आली होती म्हणे. सामान काही दिसलं नाही. तिच्याकडेही तेच. नवऱ्याला 'रशीदचे अब्बा' म्हणते. "पोराच्या नावानं चालतंया आमचं. पंचायतीत चालंल का, बाई?" नाही चालणार, म्हटलं. पण बोलता बोलता सुचलं. निवडणूक वॉर्डावर होते. प्रत्येक सदस्य कुठल्या ना कुठल्या वॉर्डाचा. शाळेत नाही का आपण म्हणत, सातवीच्या बाई? नाव घ्यायचं नाही तर वॉर्ड घ्यावा. वॉर्ड एकचे सदस्य. वॉर्ड दोनचे सदस्य. कोण ते सगळ्यांना कळतं, आणि कुणाचा मानही जात नाही.

ह.ने टाळी वाजवली. चं.ला निरोप द्यायचं काम तिच्याकडे. त्या बाजूच्या गाड्यांचे लोक फाट्यावर तिच्याच दुकानाशी थांबतात.

२८ जाने., मंगळ.

शि.नी काढून दिलं: परीक्षक पुढच्या सोमवारी वेल्ह्याला येताहेत, पुरुष सदस्यांच्या परीक्षेला. तिथे भेटा, पण आशा धरू नका म्हणाले. आशा धरण्यात मला कमीपणा वाटत नाही.

एवढ्यात लक्षात आलं. पुरुषांची परीक्षा, म्हणजे चं.चे दीरही तिथेच असणार.

तसं ह.करवी चं.ला कळवलं. (शुक्रवारी तिचा निरोप आला: तरी येते.)

३ फेब्रु., सोम. वेल्हे, परत भोर

पहाटेच्या गाडीने निघाले. कापूरहोळला ह. चढली. सोबत भाकरी, ठेचा, आणि सल्ले. तू कशाला, म्हटलं. "निकाल घ्याया," म्हणाली.

शाळेच्या पडवीत परीक्षा. पुरुष बाकांवर, टोप्या मांडीवर. एका टोकाला चं.चे दीर, उंच, मिशा पांढऱ्या, सदरा इस्त्रीचा. चं. खांबाआड, पदर पुढे ओढलेला, नवरा पायरीवर. ती आणि दीर, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

परीक्षकांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग म्हणाले, बाई, कळतं मला, पण प्रोसिडिंगमध्ये नाव लागतं. मी म्हटलं, लिहायचं काम ग्रामसेवकाचं, बोलायचं काम हिचं. तो नाव लिहील. ती वॉर्ड सांगेल. तुम्हाला माणूस समजल्याशी कारण. ते मफलर चाचपत बसले. वाटलं, संपलं. मग म्हणाले, "बोलवा त्यांना."

चं. पुढे आली. तिथेच, सगळ्यांसमोर.

"तुमच्या गावचे सरपंच कोण?"

"वॉर्ड एकचे सदस्य."

बाकावरून कोणीतरी बोललं, "वॉर्ड एक म्हंजी काय, बैलाचा नंबर हाय का?" हशा. दिरांची मान ताठ झाली. चं. थांबली नाही. ठराव मांडला, साकवाचा, तोच, एका दमात. सूचक मी, अनुमोदक वॉर्ड दोनचे सदस्य. वॉर्ड दोन म्हणजे चुलत सासरे. तेही तिथे होते, त्यांनी टोपी घातली.

परीक्षकांनी काही लिहिलं नाही. मान वळवून तिच्या दिरांकडे पाहिलं.

"सरपंच, आता तुमचीही परीक्षा धरू. तुमच्या पंचायतीत महिला सदस्य कोण?"

"हायेत की. दोन."

"नावं?"

दिरांनी मांडीवरची टोपी फिरवली.

"एक… ही आमच्या धाकट्याची मंडळी."

"नाव?"

दीर खाली बघायला लागले. कुणाला हसू येईना, कारण परीक्षक आता बाकावरून नजर फिरवत होते आणि प्रत्येक जण आपापल्या पंचायतीतली बाई आठवून बघत होता. भावजय भावजय असते, सून सून असते. थोरल्या दिराने भावजयीचं नाव घ्यायचं नसतं. ते तितकंच खरं. यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. माझ्याही मनात आलं नव्हतं.

दीर म्हणाले, "इचारा तिला, काय लिवलंय यादीत."

"सरपंच तुम्ही. तुम्हीच विचारा."

 मग ते उभे राहिले, तिच्याकडे नाही, खांबाकडे तोंड केलं, आणि खांबाला विचारलं, "काय नाव हाय म्हनावं?"

चं.ने जमिनीला सांगितलं, "चंद्रभागा."

दीर परीक्षकांकडे वळले. "चंद्रभागा," म्हणाले. घसा खाकरला. खाली बसले.

परीक्षकांनी दोघांच्याही नावापुढे लिहिलं. काय ते मी वरून वाचलं. उत्तीर्ण, उत्तीर्ण. मग डबा उघडून मला बेसनाचा लाडू दिला. सभ्य माणूस. जाताना त्यांचे आभार मानले. म्हणाले, माझेच शेरे मला पुन्हा तपासायला लागणार आता. बऱ्याच पुरुषांना उगाच पास केलंय.

बाहेर चं.च्या दिरांनी चहा सांगितला. सगळ्यांना. ह.ला, मलाही. चं.ला नवऱ्याकरवी पाठवला. मला म्हणाले, "बाई, तुमी लई कडक."

"खुर्चीचं काय?"

"ठेवतो. चार लोकांत म्हनलोय. बसायचं का न्हाई ते तिच्यावर."

हा प्रश्न उरतोच. थोरल्या दिरापुढे ती खुर्चीवर बसेल कशी? तेही वर्गात शिकवलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ह. झोपली, माझ्या खांद्यावर. उठवलं नाही.

४ फेब्रु., मंगळ.

गुडघा सुजलाय. शेक घेतला.

आज काहीच केलं नाही. फक्त बसून, कुणाकुणाचं किती देणं लागते ते आठवत होते. पैशाचं नव्हे. परीक्षकांचं. शिर्क्यांचं, कपबशी मोरीत ठेवणाऱ्या. ह.चं, सामान न नेणाऱ्या. त्या उंच माणसाचं, खांबाला विचारायला लाज न वाटणाऱ्या. मला वाटलं होतं माझं शिकवणं संपलं. आणि ह्यांचं देणं. ते तर पहिलं.

१९ फेब्रु., बुध.

ह.चा निरोप, एस.टी.च्या ड्रायव्हरकरवी, तोंडी. चं.च्या घरी शिपाई आला, नेहमीसारखं बुक काखेत. मासिक सभा झाली म्हणे, निम्म्याहून जास्त जण गैरहजर, तरी सही करा. चं. म्हणाली, मी नव्हते तर सही कसली. पुढल्या सभेला येऊन तिथंच करीन. शिपाई दारात बसून राहिला. तिने त्याला ताक दिलं, सही दिली नाही. शेवटी गेला.

ड्रायव्हरने हे सगळं गाडी चालू ठेवून सांगितलं. मागे लोक ओरडत होते. आभार मानले. म्हणाला, "अर्धा तालुका ऐकतोय, बाई, पुढं काय व्हतंय त्ये."

शि. येऊन गेले. एप्रिलमध्ये पुढचा महिला वर्ग. हो म्हटलं. एक अट वाढवली: खोटी नावं नाहीत. प्रत्येकीने आपल्या खऱ्या पंचायतीतले सदस्य सांगायचे, नावाने किंवा वॉर्डाने. आणि पुरुषांच्या वर्गालाही एक दिवस मी जाणार. शि.नी कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बघू म्हणाले.

१० मार्च, सोम.

ह. स्वतः आली, खास. शुक्रवारी सभा झाली. चं. शनिवारी कापूरहोळला उतरून तिला सगळं सांगून गेली. जसं ऐकलं तसं लिहिते.

खुर्ची ठेवली होती. दिरांनी शब्द पाळला. चं. आत गेली, उंबऱ्याच्या आत, पहिल्यांदाच. पण बसेना. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. सगळे बसलेले, ही उभी, सभा सुरू होईना. दुसरी महिला सदस्य दारात, ही बसली तर बसते असं म्हणत.

मग दीर उठले. तंबाखू मळायला म्हणून पडवीत गेले. त्यांच्याकडे तंबाखूची चंची नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. ते बाहेर गेले तशी चं. बसली. दुसरीही बसली. बऱ्याच वेळाने दीर परत आले. चं. अर्धी उठली. दीर भिंतीकडे बघून म्हणाले, "बसल्यालं बसू द्या." आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

ह.ला हे पुन्हा सांगायला लावलं.

मागचं इतिवृत्त वाचलं. चं. म्हणाली, त्यात माझी हजेरी लिहिलीय, मी नव्हते. ग्रामसेवकाने खोडलं. दिरांनी खोडू दिलं.

मग साकव. सूचक ती. अनुमोदक? तिने वर्गासारखं थांबून विचारलं, वॉर्ड दोनचे सदस्य अनुमोदन देतील का?

वॉर्ड दोन म्हणजे चुलत सासरे. ओढ्याच्या पलीकडचे. त्यांच्या घराला साकव नको, त्यांच्या बांधाला धक्का लागतो. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"म्हणजे हो म्हणाले?" मी विचारलं.

ह. म्हणाली, तोच घोळ. चं. म्हणते हो म्हणून हलवली. त्यांचाच पोरगा म्हणतो माशी बसली होती नाकावर. ते स्वतः काही बोलले नाहीत, उठून गेले. सभा तिथंच संपली.

"मग ग्रामसेवकाने काय लिहिलं?"

कुणी पाहिलं नाही. चं.नेही नाही. ती सही करून निघाली, आपल्या नावापुढे, तिथेच, खुर्चीवर बसून.

ह. गेल्यावर घरात कोणी नव्हतं. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि आभार मानायचे म्हणून नाव घ्यायला गेले. पहिलं अक्षर आलं. पुढचं आलं नाही. उद्या पुन्हा.

चं.ला निरोप दिलाय: पुढल्या सभेला इतिवृत्त वाचतील. नीट ऐक. माशी होती की अनुमोदन, ते तेव्हा कळेल.